पांढऱ्या कॅनव्हास बुटावरची रंगरंगोटी

कॅनव्हासचा बूट म्हणजे जाड सुती कापडाला जोडलेला रबरी तळ. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. गंधक घालून तापवले की हे दोष जातात, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगले आणि १८४४ मध्ये त्यांनी अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. त्यानंतर रबरी तळाची हलकी पादत्राणे आधी समुद्रकिनाऱ्यावर, मग टेनिसच्या मैदानावर आली. अमेरिकेत १९१६ मध्ये केड्स आणि १९१७ मध्ये कॉन्व्हर्सचा ऑल स्टार बाजारात आला. टेनिसच्या पांढऱ्या पोशाखाला साजेसा पांढरा बूट पुढे शाळेच्या व्यायामवर्गात शिरला.

भारतात हा बूट घरोघरी पोचवला बाटाने. कोलकात्याजवळ बाटानगरची वसाहत १९३४ पासून उभी राहू लागली आणि तिथला कॅनव्हासचा टेनिस बूट देशभरातल्या शाळांचा गणवेश होऊन बसला. महाराष्ट्रातल्या मुलांनी त्याला ‘पी.टी.चे बूट’ म्हटले. या बुटाशी जोडलेले मुख्य काम म्हणजे तो पांढरा ठेवणे. शुक्रवारी रात्री तो धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा, पिवळट डागांवर ओला खडू घासायचा किंवा पांढरे पॉलिश स्पंजने फिरवायचे आणि शनिवारच्या कवायतीला घालायचा. त्यावर शाईचा एक ठिपका पडला तरी बोलणी बसत.

पादत्राणावर नक्षी असावी ही हौस मात्र मराठी मुलखात जुनीच. कोल्हापुरी चपलेचे कान, वेणी आणि गोंडा ही सगळी सजावटच आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यावर ती हाताने केली जाते. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या नावे या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ही नक्षी काढणारा हात चर्मकार समाजाचा. वेणी गुंफण्यासारख्या बारीक कामात घरातल्या बायकांचाही वाटा मोठा. चपला घालणारे त्या नक्षीला हात लावत नसत, आणि त्यामागे केवळ कौशल्याचा प्रश्न नव्हता. चामड्याच्या कामाला विटाळ मानणाऱ्या समाजात कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यात जातीची भिंत उभी होती. कॅनव्हासमध्ये चामडे नव्हते. कोरा बूट मांडीवर घेऊन रंगवायला जातीची आडकाठी नव्हती. सजावट करणाऱ्याच्या हातून घालणाऱ्याच्या हाती आली, ही या बुटाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मानायला हवी.

बाहेरच्या जगात हा बदल कॅलिफोर्नियात ठळकपणे दिसला. पॉल व्हॅन डोरेन यांनी भागीदारांसह १९६६ मध्ये ॲनाहाइम येथे व्हॅन्सचे दुकान काढले. तिथे गिऱ्हाईक रंग निवडून बूट बनवून घेई, कधी स्वतःचे कापडही आणून देई. पुढे मुले पांढऱ्या रबरी पट्टीवर पेनाने बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी रंगवू लागली. ते पाहून कंपनीने तीच नक्षी कापडावर छापली आणि १९८२ मधल्या एका हॉलिवूड चित्रपटाने ती जगभर नेली.

महाराष्ट्रात रंगवणारा हात तयार झाला तो कापडावर. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनने पुढे चित्रकलेचे आणि कापडाचे रंग घरोघरी नेले. पिडिलाइट कंपनीच्या फेविक्रिल रंगांच्या बाटल्याही त्यांच्या शेजारी आल्या. साडी, उशीचे अभ्रे, टेबलक्लॉथ यांवर फॅब्रिक पेंटिंग शिकवणारे सुट्टीतले वर्ग गावोगावी निघाले. बूट रंगवणे हा छंद परदेशी चित्रे पाहून आला असे सहज म्हटले जाते, पण त्याचे रंग, ब्रश आणि सराव याच वर्गांतून आले.

हा वारसा घेऊन मराठी कुटुंबे जिथे गेली त्यांत दुबई सिलिकॉन ओएसिसही आहे. तंत्रज्ञान उद्योगांसाठी २००५ च्या कायद्याने स्थापन झालेला सुमारे ७.२ चौरस किलोमीटरचा हा मुक्त विभाग २०२१ मध्ये दुबईच्या एकत्रित आर्थिक क्षेत्रांच्या प्राधिकरणाखाली आला. कार्यालयांसोबत इथे इमारती, व्हिला, शाळा आणि महाविद्यालयेही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, शाळांना सुट्टी असते आणि मैदाने ओस पडतात. अशा वेळी बूट रंगवणे हे मैत्रिणीला घरी बोलावून वातानुकूलित खोलीत करता येण्याजोगे काम आहे. दोघींनी एकेक बूट रंगवला की जोड कधीच हुबेहूब जुळत नाही आणि त्याची खरी गंमत त्यातच असते.

तंत्र सोपे असले तरी घाई खपत नाही. नव्या कापडाला खळ असते. ती धुऊन काढली नाही तर रंग वरवर बसतो. लेस काढायची, आत कागदाचे बोळे भरून आकार ताणून धरायचा, पेन्सिलीने नक्षी आखायची आणि पातळ थर एकावर एक द्यायचे. चवड्यापाशी बूट रोज दुमडतो, तिथे जाड थर लवकर तडकतो. रबरी पट्टीवर ॲक्रिलिक रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात. तिथे पक्क्या शाईचा मार्करच बरा. शेवटी केस वाळवायच्या यंत्राने ऊब देऊन रंग पक्का करतात.

काय काढू नये याचे भान मराठी आणि अरब या दोन्ही समाजांत आहे. दोन्हीकडे पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढतात आणि देवाचे नाव पायाशी येऊ देत नाहीत. १९९७ मध्ये नाइकीच्या बुटांवरील एक अक्षरचिन्ह ‘अल्लाह’ या अरबी शब्दासारखे दिसते असा आक्षेप आला आणि कंपनीने सुमारे ३८ हजार जोड परत घेतले. गणपती किंवा ओंकार बुटावर काढू नये हे मराठी घरात सांगावे लागत नाही. अमिरातीत राहणाऱ्याने अरबी सुलेखनाच्या बाबतीतही तेवढेच जपायला हवे.

वारली आदिवासींच्या चित्रकलेच्या बाबतीत मात्र हे भान अनेकदा सुटते. काढायला सोपी वाटणारी ही शैली बुटांवर फार दिसते. तिचा मूळ रंग गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, त्यामुळे पांढऱ्या बुटावर आधी तांबडा हात द्यावा लागतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तारपा नाच, झाडे, पक्षी, शेतातली माणसे बुटावर खुशाल काढावीत आणि ती वारलींची कला आहे हे पाहणाऱ्याला सांगावे. लग्नाचा देवचौक आणि त्यातली पालघाट देवी मात्र भिंतीवरच राहू द्यावी.