बांधाचं अपील

विंझरच्या शिवारात तुम्ही उभे आहात. साल १६५५ च्या आसपासचं. दक्षिणेला राजगड, पश्चिमेला तोरणा, पायाखाली भाताचं खाचर. ज्या बांधावर उभे आहात त्याच्यावरूनच भांडण आहे. शेजारच्या भावकीनं तो पावसाच्या तोंडावर हातभर आत सरकवला, असं तुमचं म्हणणं. बांध कल्पनेतला, पण भांडण या खोऱ्यात कुणालाही ओळखीचं वाटेल. ते घेऊन तुम्हाला पावणेचारशे वर्षं चालायचं आहे आणि प्रत्येक मुक्कामी एकच विचारायचं आहे. इथला निवाडा पटला नाही, तर वर कोण?

पहिला मुक्काम गावातच. देवळापुढे गोत बसलंय. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, शेजारच्या गावचे चार जाणते. आधी तुमच्याकडून आणि भावकीकडून राजीनामा लिहून घेतात, की गोत म्हणेल ते मान्य. मग जामीन, मग दोघांच्या तक्रिरी. तुम्हाला अक्षर येत नाही, म्हणून तुमच्या नावापुढे नांगराची निशाणी काढली जाते. त्यानंतर सगळी सभा उठते आणि बांधावर येते. हे नीट पाहून ठेवा, कारण पुढच्या मुक्कामांवर ते फार क्वचित दिसेल. निवाडा देणारे वादाच्या जागेवर चालताहेत. जुनी खूण कुठे होती, पाणी कुणीकडून वाहत होतं, हे ते एकमेकांना विचारताहेत. शीव कुठून जाते हे गावच्या महाराला सगळ्यांहून जास्त ठाऊक. त्याच्या शब्दावर हद्द ठरते, त्याची बसायची जागा मात्र ओट्याखाली. त्या गोताचं मोठेपण मान्य करताना ही गोष्ट मला विसरता येत नाही. आणि तुमच्या घरची विधवा चुलती, जिच्या नवऱ्यानं तो बांध घातला होता, तिला तर कुणी काही विचारलेलंच नाही.

साक्षीनं उलगडा झाला नाही तर दिव्य. रवा दिव्यात कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहर करायची आणि नंतर उघडून पाहायचं. भाजला असेल तर तुम्ही खोटे. तुमचा बांध हातभराचा, म्हणून त्या वाटेला कुणी जात नाही. महजर लिहिला जातो. हरलेल्यानं हार कबूल केल्याचं यजितखत लिहून द्यायचं आणि गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरायचा; जिंकलेल्यानं हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट. तुम्ही हरला आहात.

वर देशमुखाची मजलस आहे. गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, पलीकडे रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे. अडचण अशी की तुमचं भांडण ज्यांनी सोडवायचं, त्या घराण्यांचीच वतनावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे यांचा वाद तर साऱ्या मावळाला माहीत. पण त्यांच्याही वर आता काहीतरी आहे आणि ते विंझरच्या अंगणातून डोळ्यांना दिसतं, राजगडावर. जानेवारी १६४६ मध्ये रांझ्याचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याच्या बदअंमलाची चौकशी होऊन त्याचे हातपाय तोडले गेले आणि पाटीलकी गेली, ही बातमी घाट उतरून इकडे आलेली आहे. शिक्षा आज वाचताना अंगावर काटा येतो. तुमच्या काळात मात्र तिचा अर्थ वेगळा लागतो. पाटलाच्या वर कुणी आहे आणि तो पाटलाचं न ऐकता तुमचं ऐकू शकतो. पुढे १६७४ मध्ये अष्टप्रधानांत न्यायाधीश हे पद येईल आणि निराजी रावजी त्या जागी बसतील. तुम्ही मात्र आजच राजगडाची वाट धरता. एका दिवसात जाऊन येता येतं. वरचा निवाडा इतका जवळ पुन्हा कधीच मिळणार नाही.

आता १७७३, पुणे. भोरच्या पंतसचिवांच्या मुलखातून तुम्ही पायी आला आहात, कारण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव ऐकलंय. माहुलीचा हा ब्राह्मण वयाच्या मानानं उशिरा शिकायला बसला, म्हणतात. समोरचा सरदार आहे की कुणबी, हे पाहून त्यांचा सूर बदलत नाही. तुमचे कागद कुणीतरी घेतं, थांबा म्हणतं. आणि ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून होतो. पुढच्या दिवसांत शहरात कुणीच मोठ्यानं बोलत नाही. ज्याच्या हुकमानं न्यायखातं चालतं त्या राघोबादादांवरच खुनाचा दोष येतो. शास्त्रीबुवा त्यांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं नाही असं सांगतात आणि पुणं सोडून वाईजवळ पांडववाडीला जातात. राघोबादादांचा अंमल गेल्यावर कारभारी त्यांना परत आणतील आणि १७८९ मध्ये मरेपर्यंत ते न्यायाचं काम करतील.

या गोष्टीचं कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आणि ते योग्यच आहे. पण आज तुम्ही कागद हातात घेऊन बंद दारासमोर उभे आहात. न्याय एका माणसाच्या तेजावर उभा असला की तो माणूस गावाबाहेर पडताच तुमचा बांध तसाच राहतो.

१८२९ चा मुक्काम मुंबईला. पेशवाई जाऊन अकरा वर्षं झालीत. विंझर पंतसचिवांच्या जहागिरीत आहे आणि १८२० च्या तहानं ती कायम झालीय. तुम्ही बोटीतून उतरता, अपोलो स्ट्रीटवरच्या सुप्रीम कोर्टाचा पत्ता विचारता, तर कोर्ट बंद. सुट्टी नाही, न्यायाधीशानंच बंद केलंय. पुण्यातला मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा, त्याला पालकानं अडकवून ठेवल्याची तक्रार आली. कोर्टानं त्याला हजर करण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर माल्कमच्या सरकारनं सांगितलं, पुण्याचा रहिवासी तुमच्या हद्दीत येत नाही. सर एडवर्ड वेस्ट आणि सर चार्ल्स चेंबर्स हे दोघे न्यायाधीश १८२८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं वारले. उरलेल्या सर जॉन पीटर ग्रँट यांनी, आपला हुकूम सरकारच पाळत नसेल तर बसायचं कशाला, म्हणून एप्रिलमध्ये काम थांबवलं. लंडनला प्रिव्ही कौन्सिलनं निकाल सरकारच्या बाजूनं दिला.

मुंबईचं कोर्ट पुण्याच्या माणसापर्यंत पोहोचतं का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचं हायकोर्ट सुरू होतं. पहिले मुख्य न्यायमूर्ती सर मॅथ्यू सॉस. जुनी सदर अदालत आणि सुप्रीम कोर्ट दोन्ही त्यात विलीन झाली, म्हणजे जिल्ह्यांतून येणारी अपिलं आणि मुंबई शहराचे दावे आता एका छपराखाली. तुम्हाला मात्र तिथे जागा नाही. भोर हे संस्थान आहे. त्याची कोर्टं त्याची, शेवटचा शब्द पंतसचिवांचा, आणि हायकोर्टाचा हुकूम तुमच्या बांधावर चालत नाही. शेजारच्या हवेली तालुक्यातल्या तुमच्या सोयऱ्याला जे मिळतं ते तुम्हाला नाही.

त्या सोयऱ्याकडे १८८० च्या दशकात एकदा जाऊनच या. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या, दंगे पसरले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर हे चार जिल्हे त्याच्याखाली. या कायद्यानं एक विलक्षण गोष्ट केली. ठरावीक लहान दाव्यांत अपील काढून टाकलं आणि त्याऐवजी खालच्या कोर्टांची दप्तरं तपासत फिरणारा खास न्यायाधीश नेमला. शेतकऱ्यानं वर चढायचं नाही, वरच्यानं खाली उतरायचं. त्या कामावर महादेव गोविंद रानडे आहेत. तंबू ठोकलाय, आजूबाजूला निकालांचे गठ्ठे. अंगानं थोराड, डोळे अधू, कागद अगदी जवळ धरून वाचणारा माणूस. व्याज मुद्दलाच्या किती वर गेलं, कुळाची सही कुणी घेतली, हे तो स्वतः पडताळतो. माझ्या मते महाराष्ट्राच्या न्यायव्यवस्थेत अपिलाचा याहून माणुसकीचा प्रयोग झालेला नाही, आणि त्याची आठवण आपण फार कमी काढतो.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात आले. आता मुंबईच्या त्या १८७९ च्या नव्या दगडी इमारतीत शिरा. लांबी ५६२ फूट, आराखडा कर्नल फुलर यांचा. खांबांवरची नक्षी पाहा. वकिलाचे बँड लावलेला कोल्हा, एक डोळा बांधून तराजू धरलेलं माकड. वर न्यायासनावर आधी सगळे गोरे होते. नानाभाई हरिदास पहिले हिंदी न्यायमूर्ती. मग तेलंग, रानडे, बद्रुद्दीन तय्यबजी, नारायण गणेश चंदावरकर.

याच इमारतीत २२ जुलै १९०८ च्या रात्री थांबा. बाहेर पाऊस आणि माणसांची गर्दी. न्यायमूर्ती दिनशा दावर हे टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सांगताहेत. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोघा पारशांनी नाही. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांसाठी उभे होते आणि तय्यबजींकडून त्यांनी जामीन मिळवून दिला होता. आता खुर्ची बदललीय.

पण तुम्ही अपिलाच्या मागावर आहात, म्हणून आठ वर्षं पुढे या. ९ नोव्हेंबर १९१६. बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूल भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले होते. प्रकरण हायकोर्टात आलं. टिळकांच्या बाजूनं बॅरिस्टर जिना. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लूभाई शहा भाषणं तुकड्यांत न वाचता सलग वाचतात आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द करतात. सरकार तेच, आरोपी तोच, इमारत तीच. फरक इतकाच की खालच्यानं वाचलेला मजकूर कुणीतरी दुसऱ्यांदा, शांतपणे वाचला.

१५ ऑगस्ट १९४७ ला महंमद करीम छागला मुख्य न्यायमूर्ती होतात. आणि ८ मार्च १९४८ ला भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होतं. शेवटचे राजे रघुनाथराव पंतसचिव सह्या करतात, आणि विंझरचा शेतकरी पहिल्यांदा या इमारतीच्या दारात हक्कानं उभा राहू शकतो. छागला बहुतेक निकाल राखून ठेवत नाहीत. युक्तिवाद संपला की तिथेच भर कोर्टात निकाल सांगायला लागतात. १९५६ मध्ये ते टिळकांचा १९०८ चा खटला चालला त्या खोलीबाहेर टिळकांच्या तेव्हाच्या उद्गारांची शिळा बसवतात. १ एप्रिल १९५७ पासून कसणारं कूळ मालक मानलं जातं, आणि मावळातल्या कुळांचे कागद महसूल न्यायाधिकरणातून इथे यायला लागतात. साताऱ्याचे गजेंद्रगडकर आणि पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड इथूनच पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. सुजाता मनोहर १९७८ मध्ये इथल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या, १९९४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती. १६५५ च्या गोतात तुमच्या चुलतीला कुणी विचारलं नव्हतं, तिला ही वेळ सांगावीशी वाटते.

आणि आता २०२५. विंझरहून एसटीनं मार्गासनी, मग नसरापूरला चेलाडी फाट्यावर महामार्ग. इथे क्षणभर थांबा. उजवीकडे थोडं गेलं की नीरा नदी आणि पलीकडे शिरवळ. शिरवळचा माणूस सातारा जिल्ह्यातला. १८ ऑगस्टपासून त्याचं अपील कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं, कारण सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले गेले. दशकानुदशकं वकिलांनी आणि पक्षकारांनी लढून ते मिळवलं, आणि उत्तम झालं. पुणे जिल्हा त्यात नाही. पुण्यातले वकीलही खंडपीठ मागून थकलेत. मुंबई कुठे लांब आहे, असं त्यांना ऐकवलं जातं. ते ऐकवणाऱ्यानं पहाटेच्या अंधारात विंझरहून निघून, साडेदहाला फोर्टात पोहोचून, बोर्डावर नंबर न आल्यानं रात्री परत येऊन पाहावं. लावणीच्या दिवसांत तर मुद्दाम पाहावं.

तुम्ही डावीकडे वळता. हायकोर्टाच्या जिन्यात वकील बाई भेटतात.

“मॅडम, बांध कुणी पाहिला का हो? आजवर एकाही साहेबानं?”

“दादा, इथे बांध पाहत नाहीत. हे दुसरं अपील आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून कायद्याचा ठोस प्रश्न असेल तरच न्यायमूर्ती ऐकतात. बांध कुणी सरकवला, हे खालच्या दोन कोर्टांनी ठरवलं, ते संपलं.”

“मग आलो कशाला?”

“भावकीनं मोजणीचा नकाशा लावलाय ना? पण मोजणीदाराला साक्षीला कुणी बोलावलंच नाही. त्याची उलटतपासणी न होता तो नकाशा पुरावा म्हणून वाचता येतो का, हा आपला प्रश्न.”

पुकारा होतो. सगळं इंग्रजीत चाललंय, तुम्हाला तुमच्या गावाचं नाव तेवढं ओळखू येतं. न्यायमूर्ती दोन पानं मागे जातात, काही विचारतात, मॅडम नकाशा दाखवतात. मग मॅडम मागे वळून मान हलवतात. अपील दाखल करून घेतलंय. भावकीला नोटीस निघते, पुण्याहून दप्तर मागवायचा आदेश होतो. मोजणीच्या दिवशी मोजणीदार विंझरच्या बांधावर कुठून कुठवर चालला, हे त्याला विचारायला हवं होतं की नव्हतं, यावर आता मुंबईत सुनावणी होणार आहे.