भूल देणाऱ्यांची दुखणी

मंडळी, दाढ काढताना आज कळ येत नाही, ही ज्यांची देणगी, त्यातल्या दोघांची गोष्ट सांगतो. शाळेच्या पुस्तकात ती सहसा नसते.

पहिला होरेस वेल्स, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा दातांचा डॉक्टर. डिसेंबर १८४४ मध्ये त्याने लाफिंग गॅस हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दुखलं नाही. पण पुढच्याच महिन्यात बोस्टनला सगळ्यांसमोर प्रयोग केला, तेव्हा पेशंट ओरडला आणि वेल्सची टर उडाली. त्यातून तो सावरलाच नाही. पुढे क्लोरोफॉर्म स्वतःवर वापरता वापरता त्याची चटक लागली. जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यात नशेत बायकांवर ॲसिड फेकलं, अटक झाली, आणि तुरुंगातच त्याने जीव दिला. वय ३३. शोधाचं श्रेय तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्याला दिलं ते १८६४ मध्ये.

दुसरा विल्यम हॉल्स्टेड, न्यूयॉर्कचा सर्जन. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर होतो हे व्हिएन्नात सिद्ध झालं, आणि याने सोबत्यांसह ते टोचून घेऊन खालच्या जबड्याची नस बधिर करून दाखवली. वरवंडच्या दवाखान्यात खालची दाढ काढताना सुई मारतात, ती मूळ रीत ही. औषध तेवढं बदललं. त्या प्रयोगांत हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन लागलं, उपचारात मॉर्फिनचं. पण याला वेल्च नावाचा मित्र होता. त्याने इस्पितळात जायला लावलं, मग बाल्टिमोरला काम मिळवून दिलं. हॉल्स्टेड जगप्रसिद्ध झाला. मॉर्फिन सुटलं नव्हतं, हे सहकारी ऑस्लरने लिहून बंद करून ठेवलेल्या टिपणातून १९६९ मध्ये बाहेर आलं.

आता बघा, एकाला कुणी नव्हतं, दुसऱ्याला मोठे मित्र होते. हॉल्स्टेडचं गुपित पाळलं गेलं हे बरं झालं, पण त्याच्या टेबलावरच्या पेशंटचं काय, हे कुणी विचारलं नाही. मला तेही पटत नाही.

वशिल्याशिवायची वाट १९३५ मध्ये निघाली. ॲक्रनचे सर्जन डॉ. बॉब आणि बिल, दोघेही दारूचे व्यसनी, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ उभी राहिली. तिथे आडनाव विचारत नाहीत. डॉक्टर असो की हमाल, बाकडं एकच.

आपल्याकडे २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ, अनिल अवचटही शिक्षणाने डॉक्टर, आणि पाठीशी पु. ल. व सुनीताबाई. व्यसन हा गुन्हा नाही, आजार आहे, हे पुणे जिल्ह्यातल्या घराघरांत पोचवायला या मंडळींनी हाडाची काडं केली.

कायदा मात्र उशिरा आला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. दारू-नशेशी जोडलेले आजारही त्यात येतात. कलम २३ म्हणतं, उपचाराची माहिती गुप्त राहील. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर तो टाळण्यापुरतीच सांगता येते. हॉल्स्टेडच्या वेळी राहून गेलेला प्रश्न इथे निदान विचारात घेतलाय.

तरी खेड्यातला दातांचा डॉक्टर अडतो कुठे? दवाखाना एकट्याचा, खुर्चीचं कर्ज डोक्यावर, आणि सोलापूर रोडवर ओळखीचं माणूस भेटल्याशिवाय एसटी पुढे सरकत नाही. महिनाभर कुलूप दिसलं की पारावर चर्चा ठरलेली. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तिथे करता येईल. पण महिनाभर पेशंट कोण बघणार? यवत, केडगाव, पाटस, वरवंडच्या दंतवैद्यांनी आपसात आधीच ठरवून ठेवावं: कुणी रजेवर गेला तर त्याचे पेशंट बाकीच्यांनी सांभाळायचे, बरा झाला की परत त्याच्याकडे पाठवायचे, आणि दारावर पाटी एवढीच लावायची, ‘डॉक्टर बाहेरगावी आहेत’.