बीटनिक : चित्रपट व दूरचित्रवाणीतील चित्रण

अमेरिकेत ‘बीट’ लेखकांच्या प्रभावाखाली १९५० नंतरच्या दशकात वेगळी वाट धरणाऱ्या तरुणांची पडद्यावरील प्रतिमा. उंच गळ्याचा काळा स्वेटर, बेरे टोपी, हनुवटीपुरती दाढी, रात्रीही काळा चष्मा, मांडीत बाँगो आणि कॉफीगृहात आवाज चढवून म्हटलेली अगम्य कविता ही तिची ठरलेली चिन्हे. बीट लेखकांशी या वेशाचा संबंध थोडाच होता. जॅक केरुअॅक चौकड्यांच्या जाड शर्टात वावरे आणि ॲलन गिन्सबर्गच्या त्या काळच्या छायाचित्रांत दाढी सहसा दिसत नाही. पडद्याने वेश उचलला. समलिंगी प्रेम, गोऱ्या-काळ्यांची मैत्री, अणुबाँबचे भय, बौद्ध साधना हा त्या लेखनाचा गाभा मात्र जवळजवळ पुरता वगळला.

ही प्रतिमा फार घाईने तयार झाली. ऑक्टोबर १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत गिन्सबर्गने ‘हाउल’ ही दीर्घ कविता वाचली. १९५७ मध्ये तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्याच वर्षी केरुअॅकची ‘ऑन द रोड’ ही कादंबरी निघाली. एप्रिल १९५८ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चा स्तंभलेखक हर्ब केन याने स्पुतनिकच्या धर्तीवर ‘बीटनिक’ हे नाव रूढ केले. पुढच्या वर्षभरात हॉलिवूडने आणि दूरचित्रवाणीने ते हाती घेतले.

वेशाचा कच्चा आराखडा त्याआधीच तयार होता. स्टॅनली डोननच्या ‘फनी फेस’मध्ये (१९५७) ऑड्री हेपबर्न पॅरिसच्या धुरकट कॅफेत आपादमस्तक काळ्या पोशाखात नाचते. तिथला रोख पॅरिसच्या अस्तित्ववाद्यांवर होता, पण तोच पोशाख पुढे अमेरिकन बीटनिक तरुणीच्या अंगावर कायमचा चढला. ‘बेल, बुक अँड कँडल’मध्ये (१९५८) जॅक लेमन बाँगो वाजवणारा चेटक्या आहे आणि न्यूयॉर्कचे ग्रिनिच व्हिलेज ही चेटक्यांची वस्ती आहे.

घरोघरी पोहोचला तो मेनार्ड जी. क्रेब्झ. सीबीएस वाहिनीच्या ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ (१९५९–६३) या मालिकेत बॉब डेन्व्हरने ही भूमिका केली. विटलेला स्वेटशर्ट, खुरटी दाढी, जॅझचे वेड आणि कामाचे नुसते नाव काढले तरी दचकून किंचाळणे, एवढ्यावर हे पात्र उभे होते. मेनार्ड निष्पाप आहे, मित्राला जीव लावणारा आहे आणि म्हणूनच प्रेक्षकांना तो आवडला. परंतु तो काही वाचत नाही, लिहीत नाही, कशालाही नकार देत नाही. त्याचे वेगळेपण आळसापुरते उरले आणि आळशाची धास्ती कोणाला वाटत नाही. ‘स्कूबी-डू’ (१९६९) या व्यंगचित्रमालिकेतला शॅगी याच मेनार्डवरून बेतलेला आहे.

मोठ्या पडद्यावरचा बीटनिक बहुधा गुन्हेगार असे. अल्बर्ट झुगस्मिथ निर्मित ‘द बीट जनरेशन’मध्ये (१९५९) बलात्कारी खलनायक बीट मंडळींत वावरतो, आणि साहित्यिक चळवळीचे नाव पोलिसी कथेला चिकटवले जाते. एमजीएमचा ‘द सबटेरेनियन्स’ (१९६०) याहून क्लेशकारक आहे, कारण तो केरुअॅकच्याच कादंबरीवर बेतला होता. कादंबरीतील मार्डू ही कृष्णवर्णीय तरुणी आहे आणि तिचे निवेदकाशी जुळलेले प्रेम शेवटी तुटते. चित्रपटात मार्डू फ्रेंच झाली, ती लेस्ली कॅरनने साकारली आणि शेवट गोड झाला. जेरी मलिगन, आर्ट पेपर, कार्मेन मॅक्रे असे अस्सल जॅझ कलावंत त्यात आहेत. संगीत खरे आणि त्याखालची माणसे बदललेली, असा तो चित्रपट आहे.

अल्प खर्चाच्या चित्रपटांत रॉजर कॉर्मनचा ‘अ बकेट ऑफ ब्लड’ (१९५९) वेगळा उठून दिसतो. पटकथाकार चार्ल्स ग्रिफिथसह त्याने कॉफीगृहे पालथी घातली आणि चित्रीकरण पाच दिवसांत उरकले. डिक मिलरने रंगवलेला वॉल्टर हा कॉफीगृहात टेबले पुसणारा पोऱ्या. कवी-चित्रकारांच्या गप्पा तो आशाळभूतपणे ऐकतो, पण त्याला कोणी विचारत नाही. घरमालकिणीचे मांजर भिंतीत अडकते. त्याला सोडवायला तो भिंतीत सुरी खुपसतो आणि मांजर मरते. घाबरून तो सुरीसकट त्याच्यावर चिकणमाती थापतो. दुसऱ्या दिवशी कॉफीगृह ते शिल्प पाहून थक्क होते, आणि कौतुकाची चटक लागलेला वॉल्टर माणसांकडे वळतो. गोष्ट भयपटाची असली तरी कलेच्या वर्तुळात शिरू न शकलेल्या माणसाची तडफड त्यात इतकी नेमकी आहे की, त्या काळचे मोठ्या स्टुडिओंचे बीटपट त्यापुढे फिके वाटतात.

बीट लेखकांचा स्वतःचा सहभाग असलेला महत्त्वाचा चित्रपट म्हणजे रॉबर्ट फ्रँक आणि आल्फ्रेड लेस्ली यांचा ‘पुल माय डेझी’ (१९५९). सुमारे अर्ध्या तासाचा हा कृष्णधवल लघुपट मॅनहॅटनमध्ये लेस्लीच्या माडीवर चित्रित झाला. रेल्वे कामगार मायलोच्या घरी बिशप आई-बहिणीसह येतो. तेवढ्यात मायलोचे कवी मित्र येऊन थडकतात आणि पाहुण्याला नाही नाही ते प्रश्न विचारतात. त्यांत गिन्सबर्ग, ग्रेगरी कोर्सो, पीटर ऑर्लोव्हस्की स्वतः आहेत. चित्रीकरण मूक होते. नंतर केरुअॅकने एकट्यानेच निवेदन आणि सगळ्या पात्रांचे बोलणे म्हटले. चित्रपट उत्स्फूर्त असल्याची समजूत बराच काळ होती. लेस्लीने १९६८ मध्ये तो काटेकोर आखणीने केल्याचे सांगितले. त्याने मोल कमी होत नाही; मित्रांच्या सहवासाची ऊब इथे आहे तशी हॉलिवूडच्या एकाही बीटपटात नाही.

दूरचित्रवाणीने खऱ्या केरुअॅकला दोनदा लक्षात राहील असे दाखवले. नोव्हेंबर १९५९ मध्ये स्टीव्ह ॲलनच्या कार्यक्रमात ॲलन पियानो वाजवतो आणि केरुअॅक वाचतो. तो सुरुवातीला अवघडलेला असतो. वाचू लागल्यावर मात्र आवाज पियानोच्या लयीत जातो आणि गद्याचा श्वास कानांना कळतो. सप्टेंबर १९६८ मध्ये विल्यम बकलीच्या ‘फायरिंग लाइन’वर तो मद्याच्या अमलात, थकलेला दिसतो. वर्षभराने तो वारला.

महाराष्ट्रात हा पडद्यावरचा बीटनिक फारसा पोहोचलाच नाही. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दहा वर्षे आधी गिन्सबर्ग मुंबईत येऊन गेला होता. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या पिढीने बीट कवी ओळखले ते कवितांतून.

पुढील चित्रपटांनी लेखकांचे चरित्र हाती घेतले. ‘हाउल’ (२०१०) खटल्याचे कामकाज आणि कवितेवरचे ॲनिमेशन एकत्र आणतो. ‘ऑन द रोड’चे हक्क फ्रान्सिस फोर्ड कपोलाने १९७९ मध्ये घेतले होते, चित्रपट वॉल्टर सालेसने २०१२ मध्ये केला. ‘किल युअर डार्लिंग्ज’ (२०१३) आणि बीट लेखक विल्यम बरोजच्या कादंबरीवरील ‘क्वीअर’ (२०२४) यांत समलिंगी प्रेम उघडपणे आले. बीट स्त्रियांना मात्र अजून न्याय मिळालेला नाही. कॅरोलिन कॅसडीच्या आठवणींवरचा ‘हार्ट बीट’ (१९८०) तिला पती आणि केरुअॅक या दोन पुरुषांच्या मध्येच उभे करतो. डायेन डी प्रिमा ही कवयित्री किंवा बॉब कॉफमन हा कृष्णवर्णीय कवी यांना केंद्रस्थानी ठेवणारा मोठा कथापट झालेला नाही.