बोरीकरांची पोथी आणि तिच्या दोन किल्ल्या

ग्रंथावर प्रेम करणाऱ्या मनुष्याला ‘सापडले’ या शब्दाइतका गोड शब्द भाषेत दुसरा नसावा. जुन्या बाजारातील रद्दीत, मठाच्या माळ्यावर, किंवा हल्लीच्या दिवसांत संगणकाच्या पडद्यावर, केवळ नावाने ऐकलेले पुस्तक अकस्मात समोर आले म्हणजे काय वाटते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावयास नको. परंतु ग्रंथ सापडणे आणि ग्रंथ वाचता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांच्यामध्ये केव्हा केव्हा शतकांचे अंतर पडते. परभणी जिल्ह्यातील एका कवीच्या पोथीने हे आपल्याला चांगलेच शिकविले आहे.

जिंतूर तालुक्यातील बोरी हे त्या कवीचे गाव. भास्करभट्ट बोरीकर हे देवगिरीच्या यादवांच्या अखेरच्या काळातले, महानुभाव पंथाचे कवी व आचार्य. पंथात ते ‘कवीश्वर’ म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्याच नावाने पुढे कवीश्वर आम्नाय चालला. महानुभावांनी ज्या सात काव्यांना ‘साती ग्रंथ’ म्हणून मान दिला, त्यांपैकी ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ ही दोन एकट्या बोरीकरांची आहेत. पहिल्याची जन्मकथा मोठी मार्मिक आहे. नावात वध असला तरी काव्यात शृंगाराचा व ऋतुवर्णनाचा विलासच अधिक. ते ऐकून पंथातील एका वडीलधाऱ्याने सांगितले, की ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण संन्यस्तांच्या कामाचा नाही. कवीने रागावून लेखणी टाकली नाही. त्याने भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळून विरक्तीची ‘उद्धवगीता’ रचली. टीकेला दुसऱ्या ग्रंथाने उत्तर देणारा असा कवी कोणत्याही भाषेला भूषणच होय.

मग असा कवी शतकानुशतके महाराष्ट्राला अनोळखी कसा राहिला? पोथ्या जळाल्या किंवा कसरीने खाल्ल्या म्हणून नव्हे. त्या होत्या, जपून ठेवलेल्या होत्या, परंतु कुलुपात होत्या. यादवांचे राज्य बुडाले, धाडी आल्या. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत अशाच एका धाडीत गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा लिहून काढावे लागले, असे पंथाची परंपरा सांगते. अशा अनुभवानंतर ग्रंथरक्षणाची काळजी वाढली तर नवल नाही. महानुभावांनी आपल्यापुरत्या गुप्त लिप्या केल्या. नेहमीच्या अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह योजावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘सकळ’ लिपी होय. तिचे कर्तृत्व साती ग्रंथांतीलच ‘सह्याद्रिवर्णना’चे कवी रवळोव्यास यांच्याकडे जाते. पंथ उत्तरेत पंजाबात ‘जयकृष्णी’ या नावाने पसरला, आणि ही मराठी अक्षरे तेथवर प्रवास करून आली. तीही कुलुपासकट!

या बंदोबस्ताने ग्रंथ राखले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण त्याची किंमतही मोठी पडली. चातुर्वर्ण्याला न जुमानणाऱ्या आणि वेदप्रामाण्य न मानणाऱ्या या पंथाविषयी समाजात आधीच अढी होती. त्यात पोथ्या वाचता येत नाहीत असे दिसल्यावर, आत काहीतरी निंद्य असले पाहिजे, असा तर्क लोकांनी केला. जे दिसत नाही त्याची निंदा करणे मनुष्यस्वभावाला फार सोपे जाते. ज्या प्रेमाने पोथी झाकली, त्याच प्रेमाने नकळत तिची बदनामी केली.

१९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले. ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभारणारे वि. ल. भावे यांनी १९१९ च्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ आवृत्तीत या वाङ्मयाला सविस्तर जागा दिली. हे दोघेही १९२६ सालीच निवर्तले. पुढे यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या ग्रंथाने, आणि नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी १९३५ साली भास्करभट्टांवरच स्वतंत्र ग्रंथ लिहून हे काम पुढे नेले. कोलत्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली बाहेर आले.

वाचकांनी गावांची नावे पाहावीत : ठाणे, यवतमाळ, नागपूर. कवी परभणीचा, आणि त्याचा शोध मात्र परक्या मुलखात! कारण उघड आहे. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषाही उर्दूच. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. म्हणजे बोरीच्या कवीवर एक कुलूप लिपीचे होते आणि त्याच्या गावकऱ्यांवर दुसरे राज्यव्यवस्थेचे होते.

आज ही दोन्ही कुलुपे गळून पडली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या जुन्या ग्रंथांची सर्वत्र आठवण झाली. परंतु एक तिसरे कुलूप राहिलेच आहे. यादवकालीन मराठीचे शब्द व प्रत्यय आजच्या सुशिक्षित घरातही कोणाला उमगत नाहीत. देवनागरीत छापलेला ‘शिशुपाळवध’ हाती दिला तरी दोन ओव्यांत डोळे थकतात, आणि पुस्तक सन्मानपूर्वक कपाटात परत जाते. हेही एक प्रकारचे सकळ लिपीतच राहणे नव्हे काय?

आनंदाची गोष्ट ही, की या कुलुपाचीही किल्ली तयार आहे. शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनी सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश १९९९ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. अर्थ इंग्रजीत दिलेले असले, तरी आमच्या वाचकांना ती अडचण नाही. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे जे कोश महाजालावर खुले केले आहेत, त्यांत मोल्सवर्थच्या शेजारी हाही बसला आहे. ज्या शब्दाचा अर्थ विचारण्यास आमच्या तरुणपणी पुण्या-नागपूरचा प्रवास करावा लागला असता, तो आता जिंतुरास बसून पाहता येतो, आणि तोही विनामूल्य.

राजवाड्यांनी एक किल्ली शोधली, दुसरी आपल्या हाती आयती आली आहे. एका संध्याकाळी घरातील मुलांना जवळ घेऊन बोरीकरांच्या चारच ओव्या, शब्दाशब्दाला कोश उघडून, वाचून पाहाव्यात, एवढीच आमची विनंती आहे. चार ओव्या लागल्या, तर पाचवी आपोआप वाचावीशी वाटेल.