‘बिलव्हेड’: लेकरावर किती जीव लावायचा?

आज बोलायचंय एका कादंबरीबद्दल, पण सुरुवात एका खऱ्या खटल्यापासून करूया.

जानेवारी १८५६. अमेरिकेतली ओहायो नदी गोठलेली. मार्गारेट गार्नर ही केंटकीतली गुलाम स्त्री नवरा, सासू-सासरे आणि चार मुलांसह बर्फावरून नदी ओलांडून सिनसिनाटीला पोचते. नदीच्या या काठावर गुलामगिरी नव्हती. पण १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला इथूनही पकडून नेता यायचं. काही तासांतच घराला वेढा पडला. मुलं परत त्या जगात जाऊ नयेत म्हणून मार्गारेटने दोन वर्षांच्या लेकीचा स्वतःच्या हाताने जीव घेतला.

आता गंमत नव्हे, क्रूर विचित्रपणा बघा. तिच्या वकिलालाच तिच्यावर खुनाचा खटला हवा होता. का? कारण खुनाचा आरोप माणसावर होतो. तो झाला असता तर ती ओहायोत राहिली असती, आई म्हणून उभी राहिली असती. कोर्टाने मात्र तिला मालकाच्या हवाली केलं. म्हणजे ती वस्तूच. १८५८ मध्ये टायफॉइडने ती गेली.

याचं मूळ बरंच जुनं. व्हर्जिनियात १६६२ मध्येच कायदा झाला होता की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम, तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. गुलामांच्या लग्नालाही कायद्यात किंमत नव्हती. नवरा एकीकडे विकला जायचा, लेकरू दुसरीकडे.

हॅरिएट बीचर स्टोव यांच्या १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मध्येही एलायझा मुलाला घेऊन हीच नदी बर्फावरून ओलांडते. पण तिचं कुटुंब शेवटी कॅनडात सुखरूप पोचतं. तिथे आईच्या प्रेमाला फळ मिळतं.

टोनी मॉरिसन यांनी १९८७ च्या ‘बिलव्हेड’मध्ये मार्गारेटची गोष्ट घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला: जी वाचली, तिने नंतर जगायचं कसं? त्यांची सेथ सुटते, पण मेलेली लेक घर सोडत नाही. सेथची सासू बेबी सग्ज हिला आठ मुलं. त्यातला हॅली एवढाच मोठा होईपर्यंत तिच्याजवळ राहिला. बाकीच्यांचे चेहरे लक्षात ठेवण्यातही तिला अर्थ वाटेनासा होतो. पॉल डी तर ठरवूनच थोडं प्रेम करतो. जे उद्या हिरावलं जाणार, त्यात जीव कशाला गुंतवायचा? त्याच्या हिशोबाने सेथचं मुलांवरचं प्रेम धोकादायक आहे.

इथेच कादंबरीचं मर्म आहे. गुलामगिरी म्हटलं की आपल्याला साखळ्या आणि चाबूक आठवतात. मॉरिसन दाखवतात की मनात माया किती ठेवायची, हेसुद्धा मालकच ठरवत होता. सेथ ते मोजमाप नाकारते, आणि त्याची किंमत लेक मोजते. लेखिका तिला माफ करत नाही, गुन्हेगारही ठरवत नाही.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत राहिल्या: माझी आई हरवली आहे, माझा भाऊ अमक्याला विकला होता, कुणाला माहीत असेल तर कळवा. थोडंच प्रेम करायचं ही सक्ती सगळ्यांनीच मानली नव्हती, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

कादंबरी वाचली असेल तर सांगा, सेथबद्दल तुमचं मत काय झालं? भेटूया पुढच्या भागात.