एक्झॉस्टचा ध्वनी : बदली यंत्रणांची तुलना

मोटारगाडीच्या इंजिनातील ज्वलित वायू बाहेर वाहून नेणारी मूळ यंत्रणा काढून तिच्या जागी अन्य कारखानदाराची यंत्रणा मालकाने बसविली असता गाडीच्या आवाजात जो फरक पडतो, त्याचे मापन व मूल्यमापन हा या नोंदीचा विषय होय. अशा यंत्रणांचा व्यापार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष भरभराटला असून फ्लोमास्टर, मॅग्नाफ्लो व बोर्ला ही तेथील, तर अक्रापोविच हे युरोपातील स्लोव्हेनियाचे ख्यातनाम नाव आहे. ग्राहक प्रथम डेसिबलचा आकडा विचारतो. परंतु अंतर, इंजिनाची गती, त्यावरील भार आणि मापनाची पद्धती यांचा दाखला सोबत नसेल, तर त्या आकड्यावरून दोन यंत्रणांमध्ये निवाडा करता येत नाही.

ध्वनीची उत्पत्ती : सिलिंडरमधील निष्कास-झडप उघडताच उच्च दाबाचे वायू नळीत उसळतात आणि प्रत्येक उसळीसरशी दाबाची एक लहर निर्माण होते. चौघाती इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा असा स्पंद सोडतो. म्हणून मिनिटास 3,000 फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनातून सेकंदास 100, तर आठ सिलिंडरांच्या इंजिनातून 200 स्पंद बाहेर पडतात. गाडीचा मूलस्वर यावरून ठरतो. टर्बोचार्जर व उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) या लहरींची धार सायलेन्सरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बोथट करतात. त्यामुळे एकच सायलेन्सर दोन भिन्न गाड्यांवर भिन्न आवाज देतो. सबब तुलना करावयाची ती एकाच गाडीवर.

प्रकार : कोठ्यांच्या सायलेन्सरात आतील पडद्यांवरून परावर्तित झालेल्या लहरी परस्परांचा अंशतः लोप करतात, आणि उरलेला आवाज भरदार व घोगरा लागतो, फ्लोमास्टरची ख्याती या रचनेवर उभी आहे. सरळ नळीच्या सायलेन्सरात सच्छिद्र नळीभोवती काचतंतू अथवा पोलादी तंतू भरलेले असतात. हे भरण उच्च स्वर उत्तम शोषते, मात्र नीच स्वर बहुतांशी तसेच जाऊ देते. काचतंतू उष्णतेने झिजून उडू लागले की असा सायलेन्सर वर्षागणिक अधिकाधिक मोठ्याने वाजू लागतो. म्हणून नव्या यंत्रणेची जुनीशी केलेली तुलना वयाचा हिशेब न धरता ग्राह्य मानता येत नाही. केवळ मागील आसापलीकडचा भाग बदलणारी ‘ॲक्सल-बॅक’ रचना सामान्यतः सौम्य असते. परिवर्तकापासून मागचा सारा भाग बदलणारी ‘कॅट-बॅक’ रचना, विशेषतः मधला सायलेन्सर वगळलेला असल्यास, अधिक मुखर होते. आणि परिवर्तकच काढून टाकला तर आवाजाबरोबर विषारी वायूंचेही निर्बंध तुटतात. बोर्लासारखे कारखानदार एकाच गाडीसाठी टूरिंग, एस-टाइप व अटॅक अशा चढत्या श्रेणी देतात. ही क्रमवारी त्याच गाडीपुरती व त्याच कारखान्यापुरती विश्वसनीय समजावी.

मापन : डेसिबल हे लॉगरिथमी माप असल्याने 3 डेसिबलांच्या वाढीने ध्वनीची शक्ती दुप्पट, तर 10 डेसिबलांच्या वाढीने दसपट होते, कानाला मात्र ही दसपट साधारणतः दुपटीएवढीच भासते. कानाची संवेदनक्षमता सर्व स्वरांना सारखी नाही, हे फ्लेचर व मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले. त्याच तत्त्वावर आधारलेले ‘ए’ भारांकन 100 हर्ट्झच्या स्वरातून सुमारे 19 डेसिबल वजा करते. परिणामी, नीच स्वरात घुमणारी यंत्रणा मापकावर सौम्य दिसते आणि प्रत्यक्षात मात्र छातीत धडधड भरविते.

उभ्या गाडीच्या चाचणीसाठी आयएसओ 5130 या मानकानुसार ध्वनिग्राहक नळीच्या मुखापासून 0.5 मीटर अंतरावर, प्रवाहाच्या अक्षाशी 45 अंशांचा कोन करून ठेवतात. लागोपाठच्या तीन वाचनांत 2 डेसिबलांहून अधिक तफावत नसावी, आणि परिसराचा आवाज मोजावयाच्या आवाजाहून किमान 10 डेसिबलांनी कमी असावा, अशी शिस्त आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी 6 डेसिबलांनी उतरते. या नियमाने 0.5 मीटरवरील 95 डेसिबल 7.5 मीटरवर अदमासे 71 ते 72 राहतात. दोन जाहिरातींतील आकड्यांची तफावत पुष्कळदा यंत्रणेची नसून अंतराची असते. मोबाईलवरील ध्वनिमुद्रणांची तुलना तर त्याहून फसवी होय, कारण ते यंत्र मोठा आवाज आपोआप दाबून सर्व ध्वनी एका पातळीवर आणते.

गाडीच्या आतील आवाज हा निराळा प्रश्न आहे. महामार्गावर स्थिर वेगाने जाताना स्पंदांची वारंवारता बंदिस्त पोकळीच्या अनुनादाशी जुळली, तर आत एक कंटाळवाणी घूं-घूं अखंड चालू राहते. ठराविक लांबीची बंद टोकाची उपनळी जोडून तिचे शमन करता येते. म्हणून निरुद्योग गती (आयडलिंग), प्रवासगती आणि पूर्ण भार अशा तीन अवस्थांत, आत व बाहेर वेगवेगळे मापन केल्यावाचून तुलना पूर्ण होत नाही.

कायदा : कॅलिफोर्नियात 6,000 पौंडांहून कमी अनुज्ञेय एकूण वजनाच्या मोटारींच्या बदली यंत्रणांना उभ्या चाचणीत 95 डेसिबलांची हद्द आहे. युरोपात धावत्या गाडीचा आवाज 7.5 मीटरवरून मोजतात. 2014 च्या 540 क्रमांकाच्या विनियमाने सामान्य प्रवासी मोटारींची मर्यादा टप्प्याटप्प्याने 68 डेसिबलांपर्यंत खाली आणण्याची तरतूद केली, आणि बदली सायलेन्सरांना संयुक्त राष्ट्रांचा विनियम क्रमांक 59 लागू होतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 120 अन्वये सायलेन्सर सक्तीचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते, आणि कलम 190 अन्वये ध्वनिविषयक मानकांचा भंग दंडनीय ठरतो. महाराष्ट्रात पोलिसांनी जप्त केलेले ‘फटाका’ सायलेन्सर, विशेषतः दुचाकींचे, रोड रोलरखाली चिरडून टाकल्याचे प्रसंग अनेक शहरांत घडले आहेत.

मूल्यमापन : प्रामाणिक तुलनेत गाडीचा नमुना, इंजिनाची गती, भार, अंतर, कोन, भारांकन, परिसराचा आवाज व यंत्रणेचे वय या सर्वांची नोंद असली पाहिजे. खरेदीदाराला त्यातून आपल्या आवडीचा स्वर निवडता येईल. परंतु तो स्वर रस्त्याकाठच्या घरातील रुग्णाच्या, अर्भकाच्या व अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानीही पडतो, आणि त्यांपैकी कोणाची संमती कोणी घेतलेली नसते. म्हणून दोन यंत्रणा सामर्थ्यात समतुल्य ठरल्या, तर बाहेरून कमी ऐकू येणारी तीच श्रेष्ठ मानणे न्याय्य होय.