सुनेला : गारगोटीच्या कुळांतील पीतरत्न

वऱ्हाडांतील सुखवस्तु घरांत पत्रिकेंतील गुरु दुर्बळ दिसला, कीं पुष्कराजाची अंगठी करण्याचा विचार निघतो. आणि पुष्कराज न परवडला तर त्याचें उपरत्न म्हणून सुनेला सुचविला जातो. ग्रहफलाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा होय. परंतु वडिलार्जित पुष्कराज म्हणून जपलेला खडा अडचणीच्या प्रसंगीं मोडीस नेल्यावर सुनेला ठरावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं.

सुनेला म्हणजे पिवळा स्फटिक. आपल्या शेतांतील गारगोटीचाच तो कुलीन बंधु. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या बहुतेक भागांत जमिनीखालीं असलेला काळा कातळ सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यांतील सिलिका सांचून गारगोट्या व अकीक झाले. या दगडांचे मणी करण्याची कला दख्खनांत फार जुनी. वर्धा नदीकांठच्या कौंडिण्यपुरीं डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं केलेल्या उत्खननांत दगडी मणी सांपडले. त्याचा वृत्तांत १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणाहून भडोचेस गाड्यांनीं अकीकजातीचे दगड जात असल्याची नोंद आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत रत्नांची यादी देतांना पुष्पराग व स्फटिक हीं दोन्ही नांवें निरनिराळीं घेतलीं आहेत. जुन्यांनीं ठेविलेला हा विवेक बाजारानें मात्र पुष्कळदां सोडला.

अंशमात्र लोहामुळें स्फटिकास पिवळेपणा येतो. निसर्गतःच पिवळा असा खडा विरळा. दुकानांतील बहुतेक सुनेले जांभळा स्फटिक तापवून पिवळे केलेले असतात. तें कांहीं पाप नव्हे. तें लपविणें हें पाप.

परीक्षा वजनाची. सुनेल्याचें विशिष्टगुरुत्व २.६५, टोपाझाचें सुमारें ३.५ आणि हल्लीं पुष्कराज म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या कुरुंदाचें सुमारें ४. कोंदणांतून काढलेला ८ रतींचा खडा पाण्यांत टांगून तोलला असतां ३ रती घटला, तर तो सुनेला असण्याचा संभव. २ रतीच घटला, तर कुरुंदाचा. कांचेचें गुरुत्व सुनेल्याच्या जवळचें असतें, म्हणून शंका राहिल्यास जाणत्या रत्नपारख्याकडे जावें.

सुनेल्याचें काठिण्य ७, कुरुंदाचें ९. म्हणून दोन्ही एका डबींत ठेवूं नयेत. मोत्यांसहि सुनेल्यापासून दूर ठेवावें. धूळ कोरड्या फडक्यानें घांसूं नये, कारण धुळींत वाळूचे कण असतात व ते झिलई मारतात. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ कुंचला एवढें पुरे. उष्णता ही याची शत्रु : अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हांत खडा दिवसेंदिवस पडूं देऊं नये, आणि अंगठीस डाक लावण्यापूर्वीं सोनारास तो काढावयास सांगावें, नाहीं तर रंग जातो किंवा तडा पडतो.

खरेदीच्या पावतीवर रत्नाचें खरें नांव लिहून घ्यावें. सुनेला सुनेला म्हणून घेतला, तर त्यांत कोणतेंहि न्यून नाहीं.